आपण एकटेच आहोत, असं समजून

१९६० च्या दशकातली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एक भलामोठा कॉम्प्युटर होता आणि तो एकाच वेळी अनेक जण वापरत असत. प्रत्येकासमोर टाइपरायटरसारखं एक टर्मिनल. लॉगिन केलं की कागदावर आधी ‘आजची सूचना’ छापून यायची. मशीन कधी बंद राहणार आहे, कोणता प्रोग्राम बदलला आहे, असलं काहीबाही. एके दिवशी लोकांनी लॉगिन केलं आणि सूचनेच्या जागी भलतंच छापून येऊ लागलं : त्या मशीनच्या सगळ्या वापरकर्त्यांचे पासवर्ड.

कुणीही हल्ला केला नव्हता. मशीन सांभाळणाऱ्या दोघांपैकी एक जण सूचनेची फाइल दुरुस्त करत होता आणि दुसरा पासवर्डची. दोघं एकाच डिरेक्टरीत काम करत होते, एकच एडिटर वापरत होते. हा एडिटर चालू कामाचा मजकूर एका तात्पुरत्या फाइलीत ठेवायचा आणि त्या फाइलीचं नाव ठरलेलं होतं, कायम एकच. दोघांच्या फाइलींची अदलाबदल झाली. सूचनेच्या जागी पासवर्डची यादी जाऊन बसली.

एडिटर लिहिणारा माणूस वेंधळा होता का? तर नाही. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार, हे त्या काळी गृहीत होतं, आणि तोवर एकच नाव पुरेसं होतं. पुढे मशीन सांभाळणाऱ्यांना ते अडचणीचं वाटू लागलं, म्हणून त्यांनी स्वतःपुरती सूट घेतली. एडिटरच्या पोटात ते जुनं गृहीतक तसंच बसलेलं आहे, हे कुणाला आठवलं नाही. ही यंत्रणा उभारणारे फर्नांडो कॉर्बाटो यांनी १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाल्यावर जे व्याख्यान दिलं, त्यात हा किस्सा स्वतःच सांगितला.

सामायिक मशीनवर सॉफ्टवेअर घडवण्याचा आणि तपासण्याचा इतिहास चाळला, तर हाच किस्सा वेगवेगळी नावं घेऊन पुन्हा पुन्हा भेटतो. प्रत्येक वेळी मुळाशी एकच समजूत असते : इथे आपण एकटेच आहोत. आणि दर वेळी शेजारी कुणीतरी असतंच.

वेळेची वाटणी

मुळात एक मशीन इतक्या जणांनी वापरायचंच कशाला? कारण सरळ आहे. मशीन अतोनात महाग होतं. त्याआधीची पद्धत अशी, की प्रोग्राम कार्डांवर पंच करायचा, गठ्ठा खिडकीतून ऑपरेटरच्या हवाली करायचा आणि तासन् तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, उत्तराची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा रांगेत.

कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये यावर एक उपाय करून दाखवला. कॉम्प्युटर माणसापेक्षा कितीतरी वेगवान आहे. एक जण विचार करत डोकं खाजवतोय, तेवढ्यात मशीन दुसऱ्याचं काम उरकू शकतं. वेळेचे छोटे छोटे तुकडे करायचे आणि ते आळीपाळीने सगळ्यांना वाटायचे. प्रत्येकाला वाटतं, मशीन आपल्याच सेवेला आहे. या यंत्रणेचं नाव सीटीएसएस.

म्हणजे ‘आपण एकटेच आहोत’ हा भास इथे चुकून झालेला नव्हता. तो मुद्दाम, मेहनतीने घडवला होता. त्यासाठी मशीनमध्ये बदल करावे लागले. मेमरीचे दोन भाग झाले. एकात यंत्रणेचा स्वतःचा प्रोग्राम, दुसऱ्यात वापरकर्त्यांचे. एकाचा अर्धवट, चुकीचा प्रोग्राम दुसऱ्याच्या कामात घुसू नये, याची सोय करावी लागली. हे महत्त्वाचं आहे, कारण सॉफ्टवेअर घडवताना ते बहुतेक वेळ मोडकळलेलंच असतं. तयार प्रोग्राम चालवणाऱ्यापेक्षा कच्चा प्रोग्राम तपासणारा शेजारी जास्त धोक्याचा.

पासवर्डही इथलाच. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या आणि प्रत्येकाला मिळणारा मशीनचा वेळही मोजून दिलेला. तेव्हा कोण कोणता हे ओळखायला काहीतरी खूण हवी होती. कुलूप आलं तशी किल्लीची पळवाटही आली. ॲलन शेर नावाचा संशोधक विद्यार्थी या यंत्रणेच्याच कामगिरीचा अभ्यास करत होता. आठवड्याला मिळणारे मोजके तास त्याला पुरेनात. फाइली कागदावर छापून मागवण्याची एक सोय होती. त्याने १९६२ साली कार्ड पंच करून पासवर्डच्या फाइलीचंच छापील भेंडोळं मागवलं, आणि ते त्याला मिळालंसुद्धा! याची कबुली त्याने सीटीएसएसला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०११ मध्ये दिली.

कुलूपच नको म्हणणारे

त्याच एमआयटीत दुसऱ्या एका प्रयोगशाळेत मात्र उलटा विचार चालू होता. कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या तिथल्या मंडळींनी आयटीएस नावाची स्वतःची यंत्रणा लिहिली. तिला पासवर्ड नव्हते. कुणीही कुणाचीही फाइल उघडून वाचावी, त्यातली चूक दुरुस्त करावी. एवढंच काय, मशीन बंद पाडण्याची आज्ञासुद्धा सगळ्यांना खुली. मशीन बंद पाडणं इतकं सोपं केलं, की त्यात मर्दुमकी उरली नाही.

पुढे शेजारच्या प्रयोगशाळेत पासवर्ड आले, तेव्हा रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने विरोध म्हणून लोकांचे पासवर्ड उलगडले आणि त्यांना निरोप पाठवले, की त्यापेक्षा नुसतं रिटर्नचं बटण दाबा, रिकामा पासवर्ड ठेवा. काही जणांनी ते ऐकलंही. हाच स्टॉलमन पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा प्रवर्तक झाला.

आज हे वेडगळ वाटेल. पण त्यामागचा विचार फेकून देण्यासारखा नाही. शेजाऱ्याचा कोड वाचता येणं, त्याच्या चुका पकडणं, त्याची युक्ती उचलणं हीच त्या पिढीची शाळा होती. कुलूप लावलं की चोर बाहेर राहतो, तसा मदतीला येणाराही बाहेर राहतो. सुरक्षेच्या प्रत्येक निर्णयाला ही किंमत असते. ती द्यावी लागणार नाही असं भासवणारे लोक एक तर काहीतरी विकत असतात, नाहीतर स्वतःलाच फसवत असतात.

चाळीची गॅलरी

१९६९ मध्ये बेल लॅब्ज या कंपनीच्या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. तुमच्या फोनमधल्या यंत्रणेची वंशावळ तिथपर्यंत जाते. युनिक्स हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी केलेलं घर. प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची खोली, म्हणजे होम डिरेक्टरी. प्रत्येक फाइलीवर मालकाचं नाव आणि कुणी वाचावं, कुणी लिहावं, कुणी चालवावं याची परवानगी. या सगळ्यावर एक सर्वाधिकारी, त्याचं नाव रूट. रूटला कुठलंच दार बंद नाही.

आणि एक जागा सगळ्यांची : ‘टेम्प’ नावाची डिरेक्टरी. नावाप्रमाणे तात्पुरत्या वस्तूंची. कुणीही तिथे काहीही ठेवावं. मुंबईच्या चाळीत खोल्यांसमोरची सामायिक गॅलरी असते ना, तशी. कपडे वाळत घाला, सायकल टेकवा, पापड सुकवा.

प्रोग्राम घडवताना या गॅलरीचा सतत उपयोग होतो. तुम्ही लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, म्हणजे कंपायलर, हे काम टप्प्याटप्प्याने करतो. एका टप्प्याचं उत्पादन दुसऱ्याला द्यायचं, तर ते मध्ये कुठेतरी ठेवायला हवं. ते ठेवलं जायचं टेम्पमध्ये. दोघांचं सामान एकमेकांत मिसळू नये म्हणून, म्हणजे एमआयटीतल्या एडिटरसारखं होऊ नये म्हणून, नावात चालू प्रोग्रामचा क्रमांक घालायची पद्धत पडली. १९७९ च्या युनिक्समध्ये असं नाव तयार करून देणारी सोयच होती.

अपघात टळला. पण हा क्रमांक ओळीने वाढतो. आत्ता १,२०० चालू असेल तर पुढचा १,२०१ असणार, हे शेजाऱ्यालाही कळतं. अपघात टाळणं आणि डाव टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात समोर फक्त योगायोग असतो. दुसऱ्यात विचार करणारा माणूस असतो.

डाव असा. १९८३ च्या सुमारास बर्कलीच्या युनिक्समध्ये ‘सिम्बॉलिक लिंक’ आली. ही फाइल नव्हे, फाइलीकडे बोट दाखवणारी पाटी. शेजारी काय करतो, तर पुढे येऊ शकणाऱ्या शेदीडशे नावांच्या पाट्या गॅलरीत आधीच लावून ठेवतो. प्रत्येक पाटीचं बोट रूटच्या एखाद्या महत्त्वाच्या फाइलीकडे. मग रूट कधीतरी एखादा प्रोग्राम कंपाइल करतो. कंपायलर ‘तात्पुरत्या’ फाइलीत लिहायला जातो, पाटी त्याला भलत्या दारात नेऊन सोडते. रूटला सगळी दारं उघडी असल्याने मशीन त्याला अडवत नाही. महत्त्वाची फाइल पुसली जाते. शेजाऱ्याने स्वतः काहीच लिहिलेलं नसतं. त्याने फक्त पाटी लावली.

१९८६ च्या बर्कली युनिक्समध्ये गॅलरीला एक नियम आला : सामान कुणीही ठेवावं, पण उचलायचं ते ज्याचं त्यानेच. या खुणेला ‘स्टिकी बिट’ म्हणतात. दुसऱ्याची सायकल पळवणं बंद झालं. पण दुसऱ्याच्या ठरलेल्या जागी आधीच आपली पाटी लावून ठेवणं चालूच राहिलं.

मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी म्हटलं, आधी बघू त्या नावाचं काही आहे का, नसेल तरच फाइल करू. वाचायला शहाणपणाचं वाटतं. पण बघणं आणि करणं यांच्यामध्ये क्षणभराची फट राहते आणि वाटून घेतलेल्या मशीनवर नेमका त्याच क्षणी शेजाऱ्याचा वेळेचा तुकडा सुरू होऊ शकतो. त्याने तेवढ्यात पाटी लावली की संपलं. १९९६ मध्ये मॅट बिशप आणि मायकल डिल्गर यांनी या प्रकारच्या चुका कोडमध्ये शोधायच्या कशा, यावर लिहिलं. खरा उपाय एकच : बघणं आणि करणं एकाच दमात व्हायला हवं. ‘हे नाव नसेल तर फाइल कर, असेल तर नकार दे’ अशी एकसंध आज्ञा यंत्रणेलाच द्यायची आणि नाव अंदाज न येणारं घ्यायचं. ही सोय बर्कलीच्या युनिक्समध्ये १९८० च्या दशकातच होती. तरी जुनी, धोकादायक पद्धत पुढे कित्येक वर्षं चालू राहिली. कारण ती लिहायला सोपी होती, आणि आपल्या टेबलावरच्या, आपल्या एकट्याच्या मशीनवर ती कधीच फसत नव्हती. शेवटी २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच अशी सोय केली गेली, की सामायिक गॅलरीत परक्याने लावलेली पाटी पाहून चालायचंच नाही.

ज्याच्या हाती कंपायलर

फाइलींची गोष्ट झाली. पण सामायिक मशीनवर अवजारंही सामायिक असतात, आणि तिथे पणाला लागलेलं जास्त मोठं आहे.

केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, जे १९८४ मध्ये छापून आलं, एक थरकाप उडवणारी शक्यता मांडली. समजा कंपायलरमध्येच खोट केली. तो ‘लॉगिन’ नावाचा प्रोग्राम ओळखतो आणि तो तयार करताना त्यात गुपचूप एक चोरदार घालतो. लोक लॉगिनचा कोड तपासतील, तो स्वच्छ असेल. मग कंपायलरचा कोड तपासतील. तर त्याचीही सोय करून ठेवायची : कंपायलर स्वतःचाच नवा अवतार तयार करताना ओळखतो आणि ही खोट त्यात पुन्हा घालतो. आता मूळ कोडमधून खोट पुसून टाकली तरी चालते. कोड वाचून ती कधीच सापडणार नाही. या कल्पनेचं बीज आपल्याला अमेरिकी हवाई दलाच्या एका अहवालात मिळालं, असंही त्यांनी सांगितलं. तो अहवाल १९७४ चा, पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांचा. विषय होता मल्टिक्स, म्हणजे सीटीएसएसचीच पुढची पिढी.

थॉम्प्सन यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जे तुम्ही संपूर्णपणे स्वतः घडवलेलं नाही, त्यावर टाकलेला विश्वास हा शेवटी माणसांवर टाकलेला असतो.

दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला एक फुटकळ काम मिळालं. मशीन वापरल्याच्या हिशेबात पंचाहत्तर सेंट जुळत नव्हते. त्याने पिच्छा पुरवला आणि माग निघाला पश्चिम जर्मनीतल्या एका घुसखोराचा, जो अमेरिकेतल्या लष्करी मशीनमधली माहिती गोळा करून सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकणाऱ्या टोळीत होता. तो रूट कसा बनला? त्या मशीनवर ईमॅक्स हा लोकप्रिय एडिटर बसवलेला होता. त्याच्यासोबत वापरकर्त्याची टपाल एका जागेहून दुसऱ्या जागी हलवणारा एक छोटा प्रोग्राम यायचा. तिथे तो रूटच्या अधिकाराने चालेल असा बसवला होता. टपाल हलवणारा हा हमाल कोणतीही फाइल कुठेही हलवून द्यायचा. घुसखोराने त्याच्याकरवी आपला प्रोग्राम यंत्रणेच्या अशा जागी ठेवून घेतला, जिथून मशीन दर पाच मिनिटांनी तो रूट म्हणून आपणहून चालवायचं.

एडिटर उत्तम होता. तो लिहिणाऱ्यांच्या मनात चोर नव्हता, इतकंच. आणि बसवणाऱ्याने विचार केला तो काम चालण्याचा.

तपासणी करताना उघडं पडणं

प्रोग्राम घडवून झाला, आता तो चालवून पाहायचा. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या सामायिक सर्व्हरवर काम केलं असेल, तर हे ओळखीचं वाटेल. तुम्ही एक छोटी वेबसाइट तपासायला म्हणून सुरू करता. ‘लोकलहोस्ट’वर आहे, म्हणजे बाहेरच्या कुणाला दिसणार नाही. खरं आहे. पण त्या मशीनवर लॉगिन केलेल्या सगळ्यांचा लोकलहोस्ट एकच असतो. पासवर्ड न लावलेला तुमचा चाचणीपुरता डेटाबेस शेजाऱ्याला खुला असतो. आज्ञेच्या ओळीत पासवर्ड टाइप केला, तर चालू प्रोग्रामांची यादी बघणाऱ्या कुणालाही तो साधारणपणे दिसतो. आणि दुसऱ्याच्या कोडची चाचणी चालवणं म्हणजे तो कोड तुमच्या नावाने, तुमच्या सगळ्या अधिकारांसह चालवणं. रूट म्हणून चालवलात, तर घराच्या किल्ल्या पाहुण्याच्या हातात.

म्हणून जुनेजाणते लोक तीन-चार सवयी लावून घेतात. कंपाइल करायचं ते साध्या वापरकर्त्याच्या नावाने, रूटच्या नाही. तात्पुरतं सामान गॅलरीत नको, आपल्या खोलीतल्या, इतरांना बंद असलेल्या डिरेक्टरीत. नवी फाइल जन्मतःच खासगी असेल अशी व्यवस्था आधी करायची, नंतर आठवणीने नाही. आणि चाचणीपुरता डेटाबेस असला तरी त्याला पासवर्ड लावायचा.

खिशातली चाळ

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं. आता प्रत्येकाच्या हातात स्वतःचं मशीन आहे, शेजारी आहेच कुठे?

तुमचा फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या आत लिनक्स आहे. युनिक्समध्ये माणसांना एकमेकांपासून वेगळं ठेवायला जी सोय केली होती, ती अँड्रॉइडने ॲपसाठी वापरली. प्रत्येक ॲपला स्वतःचा वापरकर्ता क्रमांक, स्वतःची बंद खोली. म्हणजे फोन तुमच्या एकट्याचा असला, तरी त्याच्यालेखी तिथे पन्नास-साठ भाडेकरू राहतात. आणि या चाळीलाही गॅलरी होती : सगळ्या ॲपना मिळून असलेलं सामायिक स्टोरेज.

ऑगस्ट २०१८ मध्ये ‘फोर्टनाइट’ हा खेळ अँड्रॉइडवर आला, तोही प्ले स्टोअर टाळून. आधी एक छोटं इन्स्टॉलर ॲप घ्यायचं, मग ते पूर्ण खेळ डाउनलोड करणार. इन्स्टॉलर खेळाची फाइल या सामायिक स्टोरेजमध्ये उतरवून घ्यायचं, ती अस्सल आहे का ते तपासायचं आणि मग बसवायचं. गूगलच्या एका इंजिनीअरने दाखवून दिलं, की तपासणं आणि बसवणं यांच्या मधल्या फटीत, स्टोरेजमध्ये लिहायची परवानगी असलेलं दुसरं कुठलंही ॲप ती फाइल बदलून आपली फाइल तिथे ठेवू शकतं. सॅमसंगच्या फोनवर तर ती न विचारता बसवलीही गेली असती. एपिक गेम्स या कंपनीने दोन दिवसांत दुरुस्ती केली. दुरुस्ती काय? फाइल गॅलरीत नको, आपल्या खोलीत उतरवून घ्यायची. पुढच्या वर्षी आलेल्या अँड्रॉइड १० पासून गूगलने त्या सामायिक गॅलरीतच ॲपनुसार भिंती घालायला सुरुवात केली.

बघणं आणि करणं यांच्यातली तीच फट. तात्पुरती म्हणून निष्काळजीपणे ठेवलेली तीच फाइल. सीटीएसएसच्या त्या एडिटरला तेव्हा अर्धं शतक उलटून गेलं होतं.

त्याच वर्षाच्या जानेवारीत ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या त्रुटी जाहीर झाल्या आणि कळलं, की प्रोसेसरच्या वेग वाढवणाऱ्या युक्त्यांमधूनही शेजाऱ्याच्या मेमरीतलं काही झिरपू शकतं. ज्याला आपण क्लाउड म्हणतो, तो म्हणजे अनोळखी लोकांनी भाड्याने वाटून घेतलेली मशीनच. आज जगातलं बरंचसं सॉफ्टवेअर तिथेच घडतं आणि तिथेच तपासलं जातं. १९६१ मध्ये वाटणी झाली ती खोलीभर मशीनच्या वेळेची. आजही वाटणी चालूच आहे. फरक इतकाच, की तेव्हा शेजाऱ्याचं टर्मिनल निदान डोळ्यांना दिसत होतं.

आयटीएसवाल्यांसारखं दार सताड उघडं ठेवणं आता परवडणारं नाही. पण म्हणून चाळ सोडून जाण्याचीही गरज नाही, आणि जाणार तरी कुठे? वाटून घेतलं म्हणूनच तर हे सगळं इतक्या लोकांच्या हाती आलं. कोड लिहिताना एवढंच स्वतःला विचारायचं, की ही ओळ लिहिताना मी इथे एकटा आहे असं धरून चाललोय का? मग ते गृहीतक कागदावर लिहून ठेवायचं. एमआयटीत त्या दोघांनी सूट घेतली तेव्हा कुणीतरी हे लिहून ठेवलं असतं, तर सूचनेच्या जागी सूचनाच छापून आली असती.